निमकर्डे मॅडमचं भेव

विद्यापीठाच्या स्मरणिकेत निमकर्डे मॅडमवर अर्धं पान छापून आलं आहे. वर फोटो, खाली ठळक अक्षरांत 'निर्भीड आणि खंबीर अधिकारी'. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने मॅडमना जवळून पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर तो धडधडीत खोटं बोलतो आहे.

निमकर्डे मॅडम भित्र्या होत्या. कुत्र्याला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, माईकला भ्यायच्या, कुलगुरूंच्या शिपायालासुद्धा भ्यायच्या. टेबलावरचा फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग रिसीव्हरवर. खुर्ची कायम दाराकडे तोंड करून. उन्हाळ्यात पाय सुजायचे, तरी चपला टेबलाखाली काढून ठेवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पळाचं काम पडलं त चपला कोण शोधत बसते व?"

पळायचं काम! सहायक कुलसचिव दर्जाची बाई, स्वतःच्या दालनात बसून पळायची तयारी ठेवते. मला तेव्हा संताप आला होता. आम्ही विद्यार्थी संघटनेत पत्रकं काढत होतो. 'हक्क मागून मिळत नाहीत' वगैरे. त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही पटतं. आणि ही बाई, जिच्याकडे विद्यापीठाने सगळ्यात नाजूक काम दिलेलं, ती दाराकडे बघत बसलेली.

भित्र्या माणसाला निर्भीड म्हटलं की एक सोय होते. त्याला कशाचं भेव होतं, ते भेव खरं होतं की खोटं, हे विचारायची गरज उरत नाही. ती सोय मी विद्यापीठाला मिळू देणार नाही.

काम काय होतं ते सांगते. अमरावतीत शिकायला लांबून मुलं येतात. काश्मीरमधून शिष्यवृत्तीवर येतात, मणिपूरमधून खेळासाठी येतात, एखाददुसरा आफ्रिकेतूनही येतो. आणि मेळघाटातली कोरकू मुलं येतात. ती तर आमच्याच जिल्ह्यातली. पण त्यांना पाहून वर्गात जे हसू फुटतं त्यावरून वाटावं की तीच सगळ्यात लांबून आलीत. या सगळ्यांसाठी जिन्याखालची एक खोली दिलेली होती. दारावर पाटी: 'बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचा कक्ष'. मॅडम रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'बाहेरून आलेल्या' एवढ्या दोन शब्दांवर पांढरा रंग मारून घेतला. नुसतं 'विद्यार्थ्यांचा कक्ष' उरलं.

मला वाटलं, वा, विचार आहे बाईंकडे! आम्ही पत्रकात लिहिणार होतो त्यावर. विचारायला गेले तर म्हणाल्या, "विचार-बिचार काही नाई. तो शब्द मले चालत नाई. आमच्या अकोटकडे बाहेरचं म्हणजे दुसरंच असते."

"दुसरं म्हणजे?"

त्यांनी आवाज खाली आणला. "भूतबाधा. लागीर. एखाद्याले बाहेरचं झालं, बाहेरचं लागलं, असं म्हणतेत ना. आता पोरं दारातून आत येतीन अन वर लिहून हाये बाहेरचं. बरं दिसते का?"

मॅडमचं माहेर अकोटजवळचं. फुलमळ्याचं घर. झेंडू, शेवंती, गुलाब. पहाटे तोडायची आणि अकोल्याच्या बाजारात पाठवायची. लहानपणी दिवे लागले की मळ्यातल्या विहिरीकडे जायचं नाही, ही शिस्त. ती शिस्त एम. ए. झाल्यावर, खात्याची परीक्षा पास झाल्यावर, दोन बढत्या मिळाल्यावरही सुटली नव्हती. त्यांच्या दालनातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लिंबू-मिरची टांगलेली होती. मी ती पाहिली आणि तिथेच उभी राहून भांडले.

"सरकारी कपाटात लिंबू-मिरची? मॅडम, आमची संघटना गावोगाव अंधश्रद्धेवर पत्रकं वाटते, अन तुम्ही?"

"मंग खाजगी कपाट आणून दे मले."

त्या मला 'पत्रकवाली' म्हणायच्या. "पत्रकवाली आली बाप्पा, दार लावून घ्या, आवाज जाते बाहेर."

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे होती आणि ती आमच्या संघटनेत कुणाकडेच नव्हती. भेव वाटून टाकायची कला. 'वाटणं' म्हणजे 'फील होणं' नाही, 'वाटप करणं'. त्यांचं एक वाक्य होतं: "काही झालं त?" हे वाक्य त्या इतक्या मनापासून उच्चारायच्या की समोरचाही दाराकडे बघायला लागायचा. मोठ्या साहेबांना एकदा 'अनेकतेत एकता' असा कार्यक्रम घ्यायची हुक्की आली. भर एप्रिलात. काश्मिरी मुलांनी लोकरी फेरन घालून यायचं, कोरकू मुलींनी नाचायचं, मणिपूरच्या मुलींनी काहीतरी करायचं, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. आम्ही लगेच पत्रक लिहायला घेतलं: 'विद्यार्थी म्हणजे नुमाइश नव्हे!' मॅडमना म्हटलं, तुम्ही सही करा, निषेध नोंदवा. त्या म्हणाल्या, "मले नोकरी हाये व," आणि थरथरत साहेबांकडे गेल्या. मी दाराबाहेर उभी होते. आतून त्यांचा बारीक आवाज आला.

"सर, कार्यक्रम छानच आहे. फक्त अमरावतीचं ऊन... लोकरीच्या कपड्यात एखादा मुलगा स्टेजवर चक्कर येऊन पडला तर? पेपरवाले पहिल्या रांगेत असतील. नाही, होणार काहीच नाही सर. पण काही झालं तर?"

कार्यक्रम रद्द झाला. आमचं पत्रक छापखान्यातच राहिलं. मला आजही वाटतं की तो निषेध व्हायला हवा होता. नुमाइश चुकीची म्हणून बंद व्हायला हवी होती, उन्हामुळे नाही. हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बंद झाली ना?"

असंच त्यांनी मणिपूरच्या मुलींना वेगळी शेगडी मिळवून दिली. त्यांच्या सुक्या मासळीच्या वासावरून होस्टेलात रोज भांडण. मॅडमनी रेक्टरबाईंना गाठलं. "एकाच शेगडीवर इतल्या पोरी, भांडता भांडता गॅस उघडा राहिला त? मी नुसतं म्हणून राहिली." दुसऱ्या दिवशी मागच्या व्हरांड्यात शेगडी. माणसाच्या जेवणाचा मान राखावा, हे कुणाला पटवायची गरज पडली नाही. सगळे नुसते भ्याले.

आता फेरा. नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात मॅडम त्यांना घेऊन गेटबाहेर पायी निघायच्या. चहाची टपरी, अंडाभुर्जीची गाडी, झेरॉक्सचं दुकान, ऑटोचा थांबा, पोलीस चौकी. प्रत्येकासमोर मुलाला उभं करायचं. "हा आपला तारिक. काश्मीरचा हाये. याले पाहून ठेवा. नाव सांग रे तुयं." मुलं लाजायची. काही चिडायची. तारिक हा बी. एस्सी.ला आलेला पोरगा, उंच, गालावर नुकती दाढी फुटलेली. तो मला म्हणाला, "दीदी, मॅडम हमें परेड क्यों कराती हैं?" मी त्याच्याच बाजूची होते. मी मॅडमना म्हटलं, हा अपमान आहे. हा देशाचा नागरिक आहे, त्याने टपरीवाल्यापुढे हजेरी का द्यायची?

मॅडमनी रस्त्यावरच थांबून मला उत्तर दिलं. "नाव माहीत असलं का मारायले हात जड होते, पोरी. तुया कायदा येईपर्यंत टाइम लागते. गजू चहावाला तथी उभाच असते."

आणि तारिकला फेरा हळूहळू आवडायला लागला. गजूच्या टपरीवर तो आमची बोली शिकला. "गजूभाऊ, मी चहा पिऊन राहिलो." पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकाला तो जिन्यात म्हणाला, "सर, मी तुमची वाट पाहून राहिलो." सरांनी त्याला शुद्ध करायचा प्रयत्न केला: "वाट पाहतो आहे, असं म्हणावं." तारिकने उलट कारण विचारलं, "काहून?" त्या दिवशी मॅडम इतक्या हसल्या की फोन वाजला तरी छातीवर हात गेला नाही.

आता मला त्या संध्याकाळबद्दल लिहायचं आहे. त्या संध्याकाळबद्दल खूप काही बोललं गेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं खोटं आहे.

मेळघाटातून आलेली एक मुलगी होती, फुलवंती. अकोटवरून वर डोंगरात गेलं की तिचं गाव. बोलायची कमी, हसायची तोंडावर हात ठेवून. वर्गात पहिली नव्हती, पण एक तास बुडवायची नाही. त्या दिवशी दिवेलागणीला ती मुलींच्या होस्टेलच्या न्हाणीघरात पडली. डोळे पांढरे, दात घट्ट, तोंडाला फेस, हातपाय झटकत होते. तिच्या खोलीतल्या मुली किंचाळत बाहेर पळाल्या आणि एकीने होस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की होस्टेलमध्ये बाहेरचं शिरलं.

तिला म्हणायचं होतं, भूत. पण आपण सगळेच लिहितो तसं तिने मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. त्या अक्षरांत अनुस्वार दिसत नाही. शेवटी एक अक्षर इकडेतिकडे झालं की 'बाहेरचं शिरलं'चं 'बाहेरचे शिरले' होतं. ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून शहरात. मुलींच्या होस्टेलात बाहेरचे शिरले. आणि आमच्या गावात बाहेरचे म्हटलं की कोण डोळ्यापुढे येतं, ते मी वेगळं लिहायची गरज नाही.

मी मॅडमच्या दालनात होते. तारिकही होता, खोली बदलून मागायला आलेला. मॅडम नुकत्याच होस्टेलात फुलवंतीला पाहून परत आल्या होत्या. ती शुद्धीवर येत होती, रेक्टरबाई तिच्याजवळ होत्या. मॅडमचा चेहरा पिठासारखा झाला होता. "मी आपल्या डोळ्यानं पायलं व," एवढंच म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, लोक जमून राहिले. गाड्यावर गाड्या येऊन राहिल्या. मुलींच्या होस्टेलात काश्मिरी पोट्टे शिरले म्हणतेत."

तारिकला मराठी कळत होतं. त्याने फोनमधला आवाज ऐकला. तो खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला. खिडकीतून आवाज यायला लागला होता. घोषणा नाही. घोषणा असती तर मला कळली असती, घोषणांमध्येच माझा जन्म गेला. हा नुसता गलका होता, आणि मोटरसायकली उभ्या जागी रेस करण्याचा आवाज.

मॅडमनी दिवा बंद केला. तारिकला कपाटामागे जमिनीवर बसवलं. "आवाज नको करू. माय आठवली तरी रडू नको." मला घेऊन बाहेर आल्या, दाराला कडी लावली, कुलूप लावलं. चौकीला फोन केला. उत्तर आलं, गाडी निघाली आहे. गाडी निघाली आहे म्हणजे गाडी आलेली नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मग त्या गेटकडे निघाल्या. मी म्हटलं, मॅडम तुम्ही इथेच थांबा. त्या म्हणाल्या, "इथं थांबली त मी मरीन." त्या शूरपणाने नाही गेल्या. बंद खोलीजवळ थांबायचं त्यांना जास्त भेव वाटलं, म्हणून गेल्या. हे नीट लिहून ठेवते.

गेटच्या जाळीला हात लावून माणसं उभी होती. पुढच्या रांगेत गजू. चहावाला गजू. ज्याच्या हातचा चहा आम्ही सगळे प्यायलो तो.

"मॅडम, तारिक कोठी हाये?"

आणखी दोघांनी तेच विचारलं. "त्या तारिकले बाहेर काढा." "तारिक कोठी लपवला?" गर्दीतल्या निम्म्या माणसांनी त्याला कधी पाहिलंही नसेल, पण नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. काश्मीरची इतर मुलंही होती की विद्यापीठात. नाव मात्र एकाचंच, कारण त्याचंच तोंडपाठ होतं.

"गजू, तू त ओळखतो त्याले," मॅडम म्हणाल्या.

"वळखतो म्हणूनच त इचारतो ना! तुमीच त वळख करून देल्ली होती."

मी पुढे झाले. मी मोठ्याने सांगितलं की ही अफवा आहे, अफवा पसरवणं गुन्हा आहे, कायदा हातात घ्याल तर... "हे कोण व?" "पत्रकवाली हाये लेकाची." "तू बी त्याइचीच का?" गेटवर दगड आदळला. जाळी वाजली. मला माझ्या पुढचं वाक्य आठवेना.

मॅडमनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि जाळीला तोंड लावून, अगदी हळू, जणू गजूला एकट्यालाच सांगावं तसं म्हणाल्या, "अरे, बाहेरचे नाई शिरले. बाहेरचं शिरलं."

"काय?"

"बाहेरचं. भूत. मेळघाटातली पोरगी हाये, तिले धरलं. मी आताच पाहून आली. डोये पांढरे, तोंडाले फेस. पाच पोरीइले आवरेना. गजू, मले लय भेव लागून राहिलं. तुमी इतले गडीमाणसं आले, बरं झालं. चाला, चार जण आत या अन धरू लागा तिले." त्यांनी खरोखरच गेटच्या लहान दाराची कडी काढली. "चाल. कोण येते?"

दार उघडं होतं. कुणीही आत येऊ शकला असता.

गजूने पाय मागे घेतला. त्याच्या मागच्या माणसाने गळ्यातला ताईत शर्टाच्या आत ढकलला. कुणीतरी म्हणालं, "आज अमावस्या हाये का बे?" मॅडम दारात उभ्या राहून एकेकाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते खोटं नव्हतं. "पण जपून या बाप्पा," त्या म्हणाल्या. "ते एकाले सोडून दुसऱ्याले धरते म्हणतेत. घरी लेकरंबाकरं हायेत तुमच्या. काही झालं त?"

मागच्या मोटरसायकली आधी निघाल्या. मग मधल्या. गजू शेवटी गेला, आणि जाताना मॅडमनाच म्हणाला, "लिंबू उतरवून टाका, मॅडम." पोलिसांची गाडी त्यानंतर आली.

लोकांनी या गोष्टीचा नंतर किस्सा केला. काय डोकं चालवलं बाईने! कसं उल्लू बनवलं! स्मरणिकेतलं 'खंबीर' तिथूनच आलंय. मीही त्या रात्रीपर्यंत तेच समजत होते. तारिकला बाहेर काढलं, तो मॅडमचा हात सोडेना, आणि मी म्हटलं, "मॅडम, नाटक जबरदस्त केलंत." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"नाटक कोणतं व? मी पायलं तेच सांगतलं."

म्हणजे त्या खरं बोलत होत्या. त्यांना खरंच वाटत होतं. मिरगीच्या झटक्याला, ज्यावर गोळ्या मिळतात, ज्याच्यावर आमच्या संघटनेचं आख्खं पत्रक आहे, त्याला विद्यापीठाची अधिकारी भूत समजत होती. आणि तिने ते शंभर माणसांपुढे मुलीच्या मुलखासकट सांगून टाकलं होतं.

सकाळपर्यंत फुलवंतीची खोली रिकामी झाली. सोबतच्या मुली गाद्या उचलून दुसरीकडे गेल्या. मेसमध्ये तिचं ताट कुणी उचलेना. ती वर्गात आली तर तिच्या बाकाच्या पुढचा आणि मागचा बाक मोकळा. होस्टेलच्या भिंतीवर कुणीतरी हळदीकुंकवाच्या रेघा ओढल्या. मी पत्रक काढलं, 'बाहेरचं काही नसतं', वर्गावर्गात वाटलं. मुलींनी घेतलं, घडी घातली, आणि तिच्यापासून लांबच बसल्या. चार दिवसांनी तिचा बाप आला. धोतर, खांद्यावर पिशवी. मॅडमच्या दालनाच्या दारातच उभा राहिला. "आमच्या गावातबी कळलं, मॅडम. तुमीच म्हणलं म्हणतेत. मंग खरंच असन." मुलीला घेऊन गेला. ती मान खाली घालून चालत होती. तिने तोंडावर हात ठेवलेला होता.

तारिकची परीक्षा झाली, डिग्री झाली, तो घरी गेला. तो जिवंत आहे. हे मी कमी लेखत नाही.

पण मी भांडले. दालनाचं दार लावून भांडले. "मॅडम, बाहेरचा एक पोरगा वाचवायला तुम्ही आपली एक पोरगी देऊन टाकली."

मला वाटलं त्या रडतील, किंवा माझ्यावर ओरडतील. त्या खाली बघत म्हणाल्या, "हाव. देली." मग म्हणाल्या, "त्याइच्या तोंडात तारिकचं नाव होतं. ते काढाले दुसरं काहीतरी टाका लागत होतं. मायाजवळ तेवढंच होतं."

मी म्हटलं, तुमच्याकडे खरं होतं. 'ती आजारी आहे' हे खरं होतं.

"आजारी पोरीसाठी कोण मागं फिरलं असतं?"

तरी त्या बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर मॅडमनी नवीन मुलांचा फेरा बंद केला. नुसत्या दाराकडे बघत बसायच्या. पुढे रजा टाकली, मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. विद्यापीठाने शाल-श्रीफळ दिलं. आणि ज्या बाईला एसटीत खिडकीजवळ बसायचं भेव, घाट आला की डोळे मिटून घ्यायची, ती अकोटहून जीपमध्ये बसून डोंगरात फुलवंतीच्या घरी गेली. हे मला फुलवंतीनेच पुढे सांगितलं. बाप ऐकेना. पोरीला भगताकडे नेणं चालू होतं. तिच्या हातावर डाग दिलेले होते. तिला माझ्यासोबत अकोल्याला शिकायला पाठवा, म्हणत मॅडम ओट्यावरून उठेनात. शेवटी बाप म्हणाला, हिच्यासोबत खोलीत राहणार कोण? मॅडम म्हणाल्या, "मी राहते. मले धरलं त धरलं."

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला आमची बैठक होती. दुपारी मी त्यांचा पत्ता शोधत गेले. जुन्या शहराकडे, माडीवरची एक खोली. दोन खाटा, त्यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा. फुलवंती खाली बसून वाचत होती. तिने अकोल्याच्या कॉलेजात नाव घातलं होतं आणि सोमवारपासून शेवटच्या वर्षाचे पेपर होते. डॉक्टरच्या गोळ्या सुरू होत्या. झटके कमी झाले होते, पण गेले नव्हते.

"मिरगीच हाये म्हणते डॉक्टर," मॅडमनी मला सांगितलं. "मी गोळ्या टाइमावर देते. पण खरं सांगू का? तिचे डोये फिरले का मले अजूनबी भेव लागते. लय लागते. मी तिच्याजवळ जाते, तिले कुशीवर वळवते डॉक्टरनं सांगतलं तसं, अन मायं अंग गार होते."

"मॅडम, त्यात भ्यायचं..."

"तू नको सांगू पत्रक."

तेवढ्यात खाली ओरडा झाला, टँकर आला, टँकर आला. आख्खी गल्ली पाण्याचे गुंड, कळशा, प्लॅस्टिकचे कॅन घेऊन धावली. फुलवंतीने पुस्तक उलटं ठेवलं आणि दोन कॅन उचलून खाली गेली. मॅडमनीही कळशी घेतली. गर्दीत त्यांचा जीव घाबरायचा, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, मी जाते. त्या म्हणाल्या, "तू बस. तुले इथं कोण ओळखते?"

मी गॅलरीत उभी राहिले. घरमालकीण शेजारी येऊन उभी राहिली. खालच्या आवाजात म्हणाली, "माय, तू अमरावतीची ना? खरं सांग बरं, त्या पोरीले बाहेरचं हाये का? माया नणंदेची सून तिकडची हाये, ते सांगत होती."

"मावशी, मिरगी हा मेंदूचा आजार आहे. त्यात..."

"ते डॉक्टरचं झालं. मी खरं विचारून राहिली." तिने पदर गच्च धरला होता. "पेपर होऊ द्या म्हणते म्हणून थांबली मी. पेपर झाले का खोली खाली करा म्हणलं."

खाली टँकरच्या पाइपसाठी बायका एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. कळशीवर कळशी आपटत होती, शिव्या चालल्या होत्या. त्या सगळ्या रेटारेटीत एकाच ठिकाणी गोल मोकळी जागा पडली होती. मध्ये फुलवंती, दोन रिकामे कॅन घेऊन. तिला कुणी ढकलत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. नुसत्या सगळ्या तिच्यापासून हातभर सरकून उभ्या होत्या.

मॅडम कडेला थांबल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. कळशी पोटाशी धरलेली. त्या बराच वेळ तिथेच होत्या. मला वाटलं, परत फिरणार. मग त्या बायकांमधून वाट काढत आत शिरल्या आणि फुलवंतीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघींचे खांदे लागले. ती गोल जागा भरली नाही. बायका आणखी मागे सरकल्या, आणि ती मोकळी जागा दोघींना पुरेल एवढी झाली.